अतुरीनाचा गुडघा

"पट्टी कुणी काढली होती?" डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

ऑपरेशनला नववा दिवस होता. अतुरीनाचा उजवा गुडघा सुजून लालबुंद झाला होता. ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेला होता आणि टाक्यांमधून जे वाहत होतं ते बघायची तिची छाती होत नव्हती. खाटेशेजारी तिची आई, शमुनी, बसली होती. अंगात काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, मांडीवर घरून आणलेला जेवणाचा डबा. बाईने चाळीस वर्षं स्वीडनमध्ये काढली. पण स्वीडिश म्हणाल तर 'नमस्कार', 'आभार' आणि बटाट्याचा भाव, एवढंच.

"तुमच्या आईंना विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी जखमेला काही लावलं होतं का?"

रीना आईकडे वळली. अतुरीना हे नाव फक्त चर्चच्या वहीत. एरवी सगळं गाव तिला रीनाच म्हणायचं. ती आपल्या असिरियन बोलीत म्हणाली, "आई, बाई विचारतायत, घरी मी नीट जेवत होते का."

"म्हणजे काय! सांग तिला, सगळं मीच केलंय. तिच्या गोळ्यांच्या भरवशावर नाही टाकलं मी माझ्या लेकीला."

रीना डॉक्टरबाईंकडे वळली. "आई म्हणते, तिनं हात लावला नाही. पट्टी मीच काढली. खाजत होतं."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. एकतीस वर्षांची बाई, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून पोटासाठी फुटबॉल खेळणारी, हिला एवढं कळू नये? पण जे सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं.

असं भाषांतर करण्यात रीनाचा हातखंडा होता. सात वर्षांची असल्यापासून ती आईबापांची जीभ होती. शाळेची पत्रं, बँक, दाताचा डॉक्टर, सगळीकडे ही चिमुरडी मध्ये उभी. वाईट बातमी चाळणीतून चाळून घरात आणायची सवय तिला तेव्हापासूनच लागली. सहा वर्षांपूर्वी बापाच्या पोटातला कॅन्सर यकृतात उतरला, तेव्हाही तिने घरात एवढंच सांगितलं होतं, की डॉक्टर म्हणतात नवीन औषधानं बरं वाटेल. बाप शेवटच्या महिन्यापर्यंत कॅफेत पत्ते कुटत बसला आणि हसत गेला. आपण पाप केलं की पुण्य, हे रीनाला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

तिला मैदानावर नेलं ते याच बापाने. गौरियो ट्रकच्या कारखान्यात कामाला होता. सोदरतेल्ये या आमच्या गावात आमच्या लोकांचं एक चर्च आणि एक फुटबॉलचा संघ, दोन्ही ठिकाणी माणसं सारख्याच श्रद्धेने जातात. गौरियोला मुलगा नव्हता. तो सात वर्षांच्या पोरीला बोटाला धरून घेऊन गेला आणि मुलांच्या संघात उभी करून आला. चर्चच्या सभागृहात बायका कुजबुजल्या, पोरीचे गुडघे अख्ख्या गावाला दिसतात. गौरियोने ऐकलं आणि कॉफीचा कप खाली न ठेवता विचारलं, तुमच्या पोरांचे काय मखमलीत गुंडाळून ठेवलेत? त्यानंतर निदान तोंडावर कुणी बोललं नाही.

पोरगी होतीही तशीच. अंगाने काटकुळी, पण चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी अर्धा क्षण कळायचं. एकोणिसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या पहिल्या श्रेणीच्या संघाने तिला उचललं. सकाळी बालवाडीत पोरांची नाकं पुसायची आणि दुपारी सराव करायचा. बायकांचा व्यावसायिक फुटबॉल म्हणजे असाच, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! तरी एका मोसमात नऊ नंबरच्या सदऱ्यात तिने अकरा गोल केले. त्या गावात आमची चारच घरं होती, सगळी पिझ्झाच्या दुकानांवर जगणारी. दर सामन्याला ती माणसं दुकानं बंद करून, झेंडा घेऊन यायची. त्यांच्यातला एक म्हातारा जो भेटेल त्याला सांगायचा, की आपल्याला देश नाही, पण नऊ नंबर आहे.

चोविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं आणि जायला दहा दिवस उरले असताना गुडघ्यातला बंध, लिगामेंट, तुटला. पाठीमागून कुणी पाडलंसुद्धा नव्हतं. एकटीच वळली आणि बसली. बरी होऊन उठेपर्यंत तिच्या जागेवर दुसरी कुणी धावत होती. मग दुसऱ्या श्रेणीतले संघ, वर्षाला एक गाव, एकच बॅग. नाव झालं नाही असं नाही. होता होता राहिलं. असं राहिलेलं जास्त दुखतं, हे ज्याचं राहिलं त्यालाच ठाऊक.

एकतिसाव्या वर्षी ती घरच्या संघात परत आली. आठ सामन्यांत चार गोल केले, लोक पुन्हा हाक मारू लागले, आणि नवव्या सामन्यात तोच गुडघा, तोच बंध. संघाचा अध्यक्ष इलियास स्वतः तिला गाडीतून इस्पितळात घेऊन गेला. वाटेत म्हणाला, पुढच्या ऑगस्टपर्यंत उभी राहा, शेवटचं एक वर्ष तुझं. रीनालाही तेवढंच हवं होतं. वर्षभर खेळायचं आणि एक दिवस आपल्या पायाने चालत मैदानाबाहेर यायचं. दोन वेळा स्ट्रेचरवरून आली होती. तिसऱ्यांदा तसं नको.

ऑपरेशन छान झालं. दोन आठवडे पट्टीला हात लावू नका, असं बजावून इस्पितळाने तिला घरी सोडलं.

चौथ्या दिवशी दुपारी शमुनीने कपाटातून कापडाची एक पुरचुंडी काढली. आमच्या मूळ मुलखात, तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरात, संताच्या कबरीतली माती बायका अशी बांधून आणतात. तिला हनोनो म्हणतात. ताप, वांझपण, वेडाचे झटके, सगळ्यावर तीच. शमुनीने बशीत चिमूटभर माती घेतली, त्यात आशीर्वादाचं तेल घातलं, बोटाने कालवलं. लेक गोळ्यांच्या गुंगीत होती. शमुनीने पट्टीचं एक टोक अलगद उचललं आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. ओठांत सारखी प्रार्थना चालू होती.

रीना जागी होती.

एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. आईचं मन मोडवेना, हे एक झालं. पण खरं सांगायचं तर तिलाही आत कुठेतरी वाटलं, की काय सांगावं, लागूही पडेल! बुडत्याला काडीचा आधार असतो. तिला तर संताची माती मिळत होती. तिने डोळे मिटून घेतले.

आणि आता नववा दिवस उजाडला होता. पुढच्या दोन आठवड्यांत गुडघा तीनदा उघडून धुतला. तिसऱ्या वेळी आत बसवलेला नवा बंधही काढून टाकावा लागला. डॉक्टरबाई खाटेच्या कडेवर बसून सावकाश बोलल्या. चालाल, जिने चढाल, लंगडणं कमी होत जाईल; फुटबॉल मात्र नाही, कधीच नाही.

"काय म्हणते ती?" शमुनीने विचारलं.

"पाय वाचला म्हणते, आई."

शमुनीने डॉक्टरबाईंचा हात हिसकावून घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं. त्या रविवारी तिने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या आणि भेटेल तिला सांगितलं, की डॉक्टरांनी हात टेकले होते, संताने पाय राखला.

गावाला मात्र दुसरीच गोष्ट कळली होती, इस्पितळाच्या कागदावरची. इलियास मिठाईचं ताट घेऊन भेटायला आला. रागापेक्षा त्याला दुःखच जास्त झालं होतं. खाज सुटली म्हणून पट्टी काढतं का कुणी, त्याने विचारलं. रीना म्हणाली, चुकलं. हा विषय फक्त आईसमोर काढू नका, तिला त्रास होतो. त्याने शब्द दिला आणि पाळला. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कॅफेतल्या पत्त्यांच्या टेबलावर, तिच्या बापाच्याच दोस्तांमध्ये, विनोद फिरू लागला, की गौरियोच्या पोरीचा मेंदू गुडघ्यात होता, आता तोही डॉक्टरांनी काढला. रीनाच्या कानावर हे आलं. ती हसली. दुसरं काय करणार होती?

मार्चमध्ये एका दुपारी शेजारची बहिया आली. तिच्या नवऱ्याच्या छातीवर मोठं ऑपरेशन झालं होतं, कालच घरी आणला होता. संताची थोडी माती हवी होती. शमुनी आनंदाने आतल्या खोलीत गेली. बहिया सोफ्यावर बसून मोठ्याने बोलत राहिली. तिला कुणी शब्दाला बांधलेलं नव्हतं.

"रीना, राग मानू नकोस हं, पण तुझ्यासारखा वेडेपणा मी नाही करू देणार त्यांना. पट्टी काढलीस म्हणून तर सडला ना गुडघा? डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय म्हणे. मी आपली एक कोपरा उचलीन, माती लावीन, आणि लगेच बंद करीन. बोट तरी घालीन का मी आत!"

आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला होता. ते बंद झाल्याचा आवाज बराच वेळ आलाच नाही. रीनाला उठून जायचं होतं. कुबडी हाताशी नव्हती.

शमुनी बाहेर आली ती रिकाम्या हाताने. चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता.

"संपली गं माती," ती बहियाला म्हणाली. "आणि हे बघ, त्यांच्या पट्टीला हात लावू नकोस. कुणालाच लावू देऊ नकोस. मेणबत्ती लाव, तेवढं पुरे."

बहिया जरा नाराज होऊन गेली. शमुनी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग दारात येऊन उभी राहिली.

"तू जागी होतीस?"

"कधी?"

"मी लावली तेव्हा."

"नाही, आई. झोपले होते मी."

शमुनीने मान हलवली. पोटचं पोर खोटं बोलतं तेव्हा कसं दिसतं, हे आईला वेगळं सांगावं लागत नाही. नवऱ्याच्या आजारपणातही कदाचित तिला कळलं असेल, कुणी सांगावं? रात्री तिने रीनाच्या आवडीचा, द्राक्षाच्या पानांत भात भरलेला पाला केला. दोघींनी तो खाल्ला आणि एकमेकींना वाढला.

एप्रिलमध्ये मोसमाचा पहिला सामना होता. रीना जाणारच नव्हती. सकाळी शमुनी काळा कोट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला घेऊन चल. चोवीस वर्षांत ही बाई मैदानावर एकदाही आली नव्हती. लेक पडलेली बघवायची नाही, म्हणून सामना संपेपर्यंत घरात गुडघे टेकून बसायची.

वारा बोचरा होता. बायकांचा सामना, शंभरेक माणसं असतील. दोघी तिसऱ्या ओळीत बसल्या. पत्त्यांच्या टेबलावरचा एक जण पायऱ्या उतरता उतरता थांबला आणि हसत म्हणाला, "काय रीना, थांबली का खाज?"

शमुनी ताडकन उठली. तोंड उघडलं होतं. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं काहीतरी आता ती सांगणार, हे रीनाने ओळखलं. तिने आईचा कोट घट्ट धरला.

"बस, आई. बस गं. माझं ऐक."

शमुनी उभीच होती. मग हळूहळू खाली बसली. तो माणूस केव्हाच पुढे गेला होता. शिट्टी झाली आणि खेळ सुरू झाला. नऊ नंबरचा सदरा घालून एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी धावत होती, चांगलं धावत होती. रीना तिच्याकडे बघायचं टाळत होती आणि तरीही तिचं प्रत्येक पाऊल मोजत होती.

"तू कुठं असायचीस?" शमुनीने विचारलं.

रीनाने बोट दाखवलं. "तिथं. गोलच्या डाव्या खांबाच्या अलीकडे, ती पांढरी रेघ वळते ना, तिथं."

शमुनीने रुमालाने डोळे पुसले नाहीत, काही नाही. नीट सरसावून बसली आणि तिथे बघू लागली. थोड्या वेळाने चेंडू पार दुसऱ्या टोकाला गेला, आरडाओरडा झाला, आसपासचे सगळे उठून उभे राहिले, कुणीतरी गोल केला. शमुनी मात्र बसल्या जागेवरून, माणसांच्या फटीतून, त्या रिकाम्या गवताकडेच बघत राहिली.