दोन्हीकडे तेवीस पॉइंट आठ

गॅरेजमध्ये सगळे तिला आत्या म्हणत. मालकाची ती सख्खी आत्या, म्हणून कामगारांचीही आत्या, आणि दोनदा येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांचीसुद्धा. नातं असं फुकटात वाढतं, मान मात्र वाढत नाही. सव्वीस वर्षं तिने कारखान्यात मापं तपासली होती. तिने नापास केलेला माल फाटकाबाहेर जात नसे, मग साहेब कितीही आदळआपट करोत. कारखाना बंद पडला तेव्हा भाच्याने तिला मोठ्या प्रेमाने गॅरेजमध्ये आणलं आणि बसवलं कुठे, तर फोनपाशी. समोर जमिनीवर पिवळी रेघ होती. रेघेपलीकडे गाड्या आणि उस्तादांचं राज्य.

उस्ताद माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पण उभी हयात ट्रकच्या ब्रेकांत गेलेली, त्यामुळे ब्रेकबद्दल आपल्याला कोणी शिकवावं हे त्यांना खपत नसे. आत्याने कधी "मी बघू का जरा?" म्हटलं की ते म्हणत, "आत्याबाई, फोन वाजतोय." फोन वाजत नसे. अकरा महिने तिने हे गिळलं. एकदोनदा घरी जाऊन रडलीसुद्धा, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती. ब्रेक लावला की चर्र वाजायचा. बाईंना दुपारी आईवडिलांना घेऊन घाट उतरायचा होता. उस्तादांनी पुढची चाकं काढली, ब्रेकचे पॅड बदलले, पॅड जिला धरतात ती लोखंडी डिस्क मापली आणि कागद आत्याच्या टेबलावर टाकला. "डिस्क पास. बिल करा."

आत्याने कागद वाचला. डावीकडे तेवीस पॉइंट आठ मिलिमीटर, उजवीकडे तेवीस पॉइंट आठ. नवी डिस्क चोवीसची, बावीसच्या खाली गेली की बाद. गाडी धावलेली नव्वद हजार किलोमीटर.

तिने बिलाचा कागद बाजूला सारला. नव्वद हजारात जेमतेम एक नख झिजलं, आणि तेही दोन्हीकडे अगदी सारखं? जुळी भावंडंसुद्धा चपला सारख्या झिजवत नाहीत. ती उठली आणि सरळ रेघ ओलांडून उजव्या चाकापाशी गेली. डिस्कवरून बोट फिरवलं तर बाहेरच्या काठाला ही उंच कड. पॅड तिथवर पोचतच नाही, म्हणून काठ नव्यासारखा राहतो आणि आतला भाग झिजून खाली बसतो. उस्तादांच्या व्हर्नियरचे, म्हणजे सरकत्या मापपट्टीचे, चपटे जबडे त्या कडेवरच टेकले होते. त्यांनी डिस्क मापलीच नव्हती, कड मापली होती.

"गाडी सोडू नका," ती म्हणाली. "कडेच्या आत मापलं तर ही बावीसच्या खाली भरेल."

"आत्याबाईला मिशा असत्या तर आम्ही काका म्हटलं असतं," उस्ताद म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. भाचाही हसला. ते मात्र तिला लागलं.

"हसून झालं असेल तर मला मापू दे," ती भाच्याला म्हणाली.

भाचा पेचात पडला. एकीकडे सख्खी आत्या, दुसरीकडे ज्याच्या जिवावर गॅरेज चाललंय तो माणूस. "माप," तो शेवटी म्हणाला. "पण चुकलीस तर पुन्हा ही रेघ ओलांडायची नाही. कायमची."

"कबूल."

अकरा महिने जिची वाट पाहिली ती संधी अशी भांडणात मिळाली होती, आणि गेली असती तर पुन्हा यायची नव्हती. तिने पर्समधून मायक्रोमीटर काढला. हो, पर्समधून, बायका कंगवा ठेवतात तिथे तिचा मायक्रोमीटर असे. फडक्याने डिस्क पुसली, चष्मा सावरला. उस्ताद म्हणाले, "आधी डावी." डावी तर डावी. कड ओलांडून आत टेकवलं, आठ ठिकाणी मापलं. सगळीकडे बावीस पॉइंट तीन.

"बावीसच्या वर," उस्ताद टाळी देत म्हणाले. "म्हणजे पास. जा आता, फोन वाजतोय."

"तुमच्या तेवीस आठचं काय झालं, उस्ताद?" ती म्हणाली. "दीड मिलिमीटर कुठे गेला? मी उजवीबद्दल बोलले होते." आवाज तिचा शांत होता, पण कानशिलं तापली होती. एवढ्यावर जर भाच्याने थांबवलं असतं, तर सगळं मुसळ केरात. पण भाचा आता हसत नव्हता.

उजव्या डिस्कपाशी ती वाकली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सरळ झाली. मायक्रोमीटर तिने उस्तादांपुढे धरला. "तुम्हीच मापा. मी मापलं तर म्हणाल, म्हातारीचा चष्मा जुना आहे. आधी मिटवून शून्य येतंय का बघा. मागची चकती फिरवा, टकटक वाजली की थांबा."

हातच्या कांकणाला आरसा कशाला. उस्तादांनी शून्य पाहिलं, ते बरोबर होतं. उजवी डिस्क मापली. पुन्हा मापली. तिसऱ्यांदा खाली बसून मापली. चकतीची टकटक सगळ्यांना ऐकू आली.

"किती?" भाच्याने विचारलं.

"एकवीस पॉइंट चार," उस्ताद म्हणाले.

डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. "म्हणजे वरून शाबूत आणि आतून किडलेला," त्या म्हणाल्या. "रोज बघते मी." मग घाटाची आठवण होऊन त्यांनी हातातली किल्ली आत्याच्या हातात दिली. "दोन्ही नव्या टाका. आम्ही उद्या जाऊ."

आत्याला इतका आनंद झाला की तो लपवायचं तिला सुचलंही नाही. सगळ्यांसमोर ती खुशाल हसत उभी राहिली. भाचा कान पकडून म्हणाला, "आत्या, उद्यापासून ब्रेकची प्रत्येक गाडी आधी तुझ्याकडे."

उस्तादांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते जरा लांब जाऊन बायकोला फोन लावत होते.

"आपली गाडी काढू नकोस," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, परवाच मापली. मी मापली म्हणूनच म्हणतोय." मग तुम्हीच पुन्हा मापा, असं पलीकडून आलं असावं. "नाही, मी नाही. आत्याबाईंना घेऊन येतो. त्या पास म्हणाल्या तरच चाक फिरेल."

फोन खिशात टाकून त्यांनी जॅक खांद्यावर घेतला आणि दारापाशी जाऊन थांबले. आत्या पुढे झाली, मग ते तिच्या मागून निघाले.