सत्तावीस फळ्यांचा ओटा

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या दारापुढे सगळा चिखल आहे. तुमचा भाऊ चाकाच्या खुर्चीत बसतो. बाहेर मुलं क्रिकेट खेळतात आणि तो दारातूनच ओरडतो, "आउट! अरे, आउट होता तो!" त्याचं कुणी ऐकत नाही. दिसलं?

भिवंडीच्या अफीफाला हे रोज दिसायचं. म्हणून तिच्या भावासाठी, जुबेरसाठी, दारापुढे लाकडी ओटा करायचं ठरलं. काळूराम सुताराने विटांवर सांगाडा उभा केला. लांबी दहा फूट.

"फळ्या किती लागतील, तू सांग," तो अफीफाला म्हणाला.

फळी चार इंच रुंद. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच. अफीफाने चारने भागलं. "तीस!"

जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामातून काळूरामने माल ठेवायच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या आणल्या. धड निघाल्या सत्तावीसच.

"आता?" जुबेर हसला. "शेवटी फूटभर भोक. मी थेट चिखलात!"

अफीफा हिरमुसली. अब्बांच्या लूमपाशी, म्हणजे कापड विणायच्या मागापाशी, जाऊन बसली. लूमवर पातळ कापड चाललं होतं, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसेल असं.

"अब्बा, याला सूत कमी लागतं?"

"हो तर. विरळ विणायचं, की तेवढ्याच सुतात जास्त कापड," अब्बा म्हणाले.

अफीफा धावतच परत आली. "काळूराम काका, फळ्या चिकटवून नको. मध्ये फट ठेवू!"

"ठेवायलाच लागंल, पोरी. न्हाय तर पानी कुठं जाईल? पन फट मोठी न्हाय, चाक अडकंल. अर्धा इंच बस."

सत्तावीस फळ्यांमध्ये फटी सव्वीस. म्हणजे तेरा इंच. कमी पडत होते बाराच!

तरी काळूराम म्हणाला, "खिळा नंतर. आधी मांडून बघ."

अफीफाने लूमवरची सुताची रिकामी कांडी आणली. तिचं निमुळतं टोक बरोबर अर्धा इंच जाड होतं. फळी, कांडी, फळी, कांडी. शेवटची फळी सांगाड्याच्या इंचभर पुढेच आली.

खिळे ठोकून झाल्यावर अफीफाने आधी रिकामी खुर्ची ढकलून पाहिली. चाक कुठेच अडकलं नाही. मग जुबेर आला, ओट्याच्या टोकाशी थांबला आणि त्याने बोट वर केलं. "आउट!" या वेळी फलंदाज मुकाट्याने बॅट ठेवून निघाला.

जुबेरची नजर मात्र पुढच्या चिखलावर गेली. "अफीफा, इथून रस्त्यापर्यंत किती फळ्या गं?"

अफीफाने काळूरामच्या पिशवीतली टेप काढली, एक टोक जुबेरच्या हातात दिलं आणि दुसरं धरून चिखलात उतरली.