मी डोळा मारत नव्हतो

आधी तो हात खाली घ्या. मग बोलू.

मी मॉनिटर बोलतोय, जेवणाच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा. काळ्या चौकटीचा, उजव्या खांद्याला तडा गेलेला. तो तडा काही मी जन्मतः घेऊन आलो नाही. या घरात दोन महिने माझ्या पाठीत आणि कानशिलात ज्या थापट्या बसल्या, त्यातली ही एक जिव्हारी लागली, एवढंच.

जन्माचं म्हणाल तर मला फारसं आठवत नाही. एका लांब पट्ट्यावरून सरकत होतो. कुणीतरी मला लाल केलं, हिरवं केलं, निळं केलं, डोळे बारीक करून बघितलं आणि पाठीवर 'पास' लिहिलेला गोल कागद चिकटवला. तो कागद अजून आहे. माझ्यामागे वाकून बघायची तसदी घेतली तर दिसेल.

पहिली चार वर्षं मी दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत काढली. समोर कण्हणारी, कुरकुरणारी, रांगेत घुसणारी माणसं. चार वर्षांत मी एकदाही लुकलुकलो नाही. मग दवाखान्यानं मोठे पडदे घेतले आणि मला या घरच्या सूनबाईनं आणलं.

सूनबाई इमारतींचे नकाशे काढते. एक इंजिनिअर तिला घरी काम देतो. भिंती, दारं, खिडक्या, जिने, सगळं बारीक बारीक रेघांचं. ती माझ्यासमोर बसली की घरातली सून राहत नाही, वेगळीच कुणीतरी होते. पाठ ताठ, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. एखादा जिना नीट जमला की खुर्चीतच थोडी मागे झुकायची आणि स्वतःशी हसायची. ते हसू या घरात फक्त मी बघितलंय.

एका दुपारी माझ्या पोटात कळ आली आणि डोळ्यांपुढं अंधार आला. क्षणभरच. पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. सूनबाईच्या हातातली रेघ भलतीकडे गेली.

तिनं हाक मारली. रविवार होता, नवरा घरी होता. तो आला. शेजारच्या खोलीतून सासूबाई आल्या. दोघं माझ्यासमोर उभे राहिले, जणू मी आता गाणं म्हणणार आहे. आणि मी एकदम ठणठणीत.

"कुठं लुकलुकतोय?" नवरा म्हणाला.

"आत्ता लुकलुकत होता," सूनबाई म्हणाली.

सासूबाई हसल्या. "तुला एकटीला बघून डोळा मारतो वाटतं. मी आले की कसा सभ्य झाला बघ. धाक लागतो, धाक."

झालं. त्या दिवसापासून माझं नाव पडलं डोळेमाऱ्या. मी, दवाखान्यात चार वर्षं मान खाली घालून नोकरी केलेला, म्हणे डोळेमाऱ्या!

मग रोजचाच खेळ सुरू झाला. दुपारी मी लुकलुकायचो, ती हाक मारायची, सासूबाई लगबगीनं यायच्या, आणि त्यांची पावलं दारात वाजली की मी शहाण्यासारखा स्थिर. नवऱ्यानं संध्याकाळी माझी वायर काढून लावली. मग दुसरी वायर आणली. उजेड कमी केला, वाढवला, कुठल्या कुठल्या खिडक्या उघडून आकडे बदलले. आणि काहीच कळेना तेव्हा माणूस जे करतो तेच केलं, थापट मारली. मला एक कळत नाही, पोट दुखणाऱ्या माणसाला तुम्ही कानफटवता का?

दुरुस्तीवाला आला तर कोण कौतुक! सासूबाई हातातलं काम टाकून त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यानं मला अर्धा तास निरखलं. माझी पापणी एकदाही लवली नाही. तो मला दुकानात घेऊन गेला, तिथं मी दोन दिवस झळाळत होतो. परत आणताना त्यानं नवऱ्याला हळूच सांगितलं, "पडदा एकदम ओके आहे. ताईंचे डोळे एकदा तपासून घ्या."

ताई स्वयंपाकघरात होत्या. सगळं ऐकू येत होतं. पण हळू आवाजात बोललं की ऐकू येत नाही, अशी माणसांची समजूत असते.

ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डोळे निरोगी. मग घरानं दुसरं कारण काढलं: ताण असेल, झोप होत नसेल, दिवसभर पडद्यात तोंड घालून बसल्यावर आणखी काय होणार. बिचारी हाक मारायची बंद झाली. मी लुकलुकलो की ती नुसते डोळे मिटायची, उघडायची, आणि पुढची रेघ काढायची. एका नकाशात जिन्याची एक पायरी कमी पडली. इंजिनिअरचा फोन आला. तो ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, शनिवारपर्यंत नवीन नकाशा द्या, पुन्हा चूक झाली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "शनिवारी हा नकाशा देते आणि काम सोडते. माझ्याच्यानं होत नाही आता."

कुणी 'नको' म्हणालं नाही. नवऱ्यानं आमटी वाढून घेतली. "तुला बरं वाटेल तसं कर," म्हणाला. माझ्या अंगात तेव्हा वीज होती तेवढी सगळी उसळली असेल. अरे, तिला बरं वाटत नाही म्हणून ती सोडत नाहीये. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून सोडतेय.

आता खरं काय ते ऐका. मला कधीपासून ठाऊक होतं, फक्त तोंड नव्हतं.

सासूबाई शेजारच्या खोलीत शिवणकाम करतात. आयुष्यभर पायानं मशीन चालवली, गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलानं मोटार बसवून दिली. दोन महिन्यांपूर्वी. त्या खोलीतला प्लग जरा लांब होता. म्हणून या हुशार माणसानं मशीनची वायर दारातून ओढून माझ्या टेबलाखालच्या बोर्डात खुपसली. 'तात्पुरतं,' म्हणाला. बोर्ड जुना, आतून सैल. त्यात मी आणि ती मोटार एका पंगतीला. सासूबाईंनी पाय दाबला की ती वाघिणीसारखी वीज ओढायची आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी. सूनबाई हाक मारायची, सासूबाई मशीनवरून उठून बघायला यायच्या. मशीन बंद. मी बरा!

आणि सासूबाईंचा म्हणे मला धाक!

शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी उशांचे अभ्रे शिवायला टाकले होते. सासूबाई म्हणाल्या, दहा मिनिटं बसा, एवढा शेवटचा होतोच आहे. पण काकूंना एका जागी बसवणं म्हणजे मांजराला पाट देण्यासारखं. उठल्या, फिरत फिरत सूनबाईच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. हा जिना का, ही खोली कुणाची, एवढ्या खिडक्या कशाला, सगळं विचारून झालं. तेवढ्यात मी लुकलुकलो. सूनबाईनं डोळे मिटले, उघडले.

काकूंनी मान तिरकी केली. पलीकडून मशीनचा आवाज, ट्रर्र. मी लुकलुकलो. आवाज थांबला, मी थांबलो. पुन्हा ट्रर्र.

"अगं," काकू म्हणाल्या, "हा तर तुझ्या सासूच्या तालावर नाचतोय."

सासूबाईंनी तिकडून विचारलं, "काय झालं? थांबा, येते मी."

"उठू नका, मावशी!" काकू म्हणाल्या. "जागच्या हलू नका. पाय दाबा फक्त."

ट्रर्र. अंधार.

"सोडा."

उजेड.

"दाबा."

सूनबाई खुर्चीत मागे झुकली. हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढं पाणी असूनही तिला मी अगदी स्वच्छ लुकलुकताना दिसत होतो.

सासूबाई वायरीचा माग काढत वाकत वाकत टेबलाखाली आल्या. बराच वेळ बोर्डाकडे बघत बसल्या. मग त्यांनी आपल्याच हातानं मशीनचा प्लग उपटला.

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी म्हणतच होतो, बोर्ड बदलायला पाहिजे."

मी पडलो नाही टेबलावरून, हीच माझी सभ्यता.

शनिवारी सूनबाई नकाशा देऊन आली, सगळ्या पायऱ्यांसकट. काम सोडते म्हणून सांगणार होती, येताना तीन मजल्यांचं नवं काम घेऊन आली. मशीन आता खिडकीपाशी, आपल्या खोलीतल्या प्लगला असते.

चार दिवसांनी, सूनबाई कपडे वाळत घालत असताना सासूबाई तिच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांचा हात माझ्याकडे आला. सवयीनं मी अंग चोरलं. त्यांनी पदरानं माझा तडा गेलेला खांदा पुसला. सूनबाई दारात आली, तसं मागं न बघता म्हणाल्या, "जरा ठासून सांगायचं होतंस गं."

"सांगितलं होतं, आई. रोज सांगत होते."

मग सासूबाई उठल्या आणि खुर्ची तिच्यासाठी मागे सरकवून ठेवली.

मला कुणी 'चुकलो' म्हणालं नाही. न म्हणेनात. माझा राग त्यासाठी नाहीच. तिला कुणी म्हणालं नाही, त्यासाठी आहे. नवऱ्यानं तर नाहीच नाही.

तेव्हा तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कुणी म्हणालं, काहीतरी बिघडलंय, तर सगळे धावून जाऊन तोंडाकडे बघत उभे राहू नका. बाकीच्यांनी आपलं रोजचं काम चालू ठेवा, आणि एकानं जाऊन तिच्या खुर्चीत बसा. गप्प बसा. थोडा वेळ.

दिसेल.