पोरी, जरा चालून दाखव

पोरगी विशीत आली की आपल्याकडे घरातली माणसं कमी बोलतात आणि पाहुणे जास्त. बीडला सुभाष रोडवर कापडाचं दुकान असलेल्या चन्नप्पांच्या घरी त्या वर्षी तेच चाललं होतं. एकुलती एक लेक शिवांजली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लातूरचं तेलाच्या व्यापारातलं एक स्थळ रविवारी तिला बघायला येणार होतं. आधीच्या एका स्थळाला ती सावळी वाटली होती. दुसऱ्यानं 'कळवतो' म्हटलं आणि कळवलंच नाही. चन्नप्पांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. गिऱ्हाईक ठाण उलगडून, उजेडात धरून बघतंच की. पसंत पडलं तर नेतं, नाही तर ठेवून जातं.

शिवांजलीच्या डोक्यात मात्र त्या आठवड्यात वेगळंच काही घोळत होतं. घरोघरी नुकती केबल आली होती. पोरं दिवसभर टीव्हीपुढून हलत नाहीत हे बघून कॉलेजातल्या सानप सरांनी सिनेमावरच एक वर्ग सुरू केला होता. "नुसतं बघता कशाला? करून बघा," असं म्हणून त्यांनी प्रत्येक गटाला एका छोट्या सिनेमाची फक्त सुरुवात तयार करायला सांगितली होती. शिवांजलीच्या गटात उत्तरेश्वर होता, त्याचा मामा लग्नाचे व्हिडिओ काढायचा. तिसरी दीपमाला, तलवाड्याहून शिकायला आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी.

"शूटिंगच्या नावाखाली पोरांसंगं धरणाबिरणावर जायचं न्हाई," चन्नप्पांनी बजावलं. "काय करायचं ते हितं, माझ्या डोळ्यांदेखत करा."

म्हणून त्यांच्याच बैठकीत मसलत भरली. चन्नप्पा पेपर तोंडापुढं धरून लोडाला टेकले होते, पण कान पोरांकडंच होते.

उत्तरेश्वर म्हणाला, "आधी उगवता सूर्य दाखवू. मग हिरो मोटारसायकलवर."

"गोष्ट पोरगी बघायच्या कार्यक्रमाची हाय," दीपमाला म्हणाली. "तिथं सूर्याचं काय काम?"

शिवांजली पुढं सरकली. ती म्हणाली, "पोरीचं तोंडच दाखवायचं न्हाई. पाय, वेणी, कपाचा ट्रे धरलेले हात, एवढंच. आलेली माणसं तेवढंच बघतात ना? शेवटी कुणीतरी नाव विचारतं आणि ती मान वर करते. तवा पहिल्यांदा तिचं तोंड दिसंल. तिथंच आपली सुरुवात संपली."

उत्तरेश्वर तिच्याकडं बघतच राहिला. सूर्याचं नाव पुन्हा निघालं नाही. दीपमालानं पोरगी व्हायचं ठरलं. राहिला कॅमेरा. तो आपल्याकडंच असणार हे उत्तरेश्वर धरूनच चालला होता.

"जड असतो गं, खांद्यावर घ्यावा लागतो," तो म्हणाला.

"मग आज संध्याकाळपासून मला शिकव," शिवांजली म्हणाली, आणि त्यानं खरंच शिकवलं.

शनिवारी सकाळी शूटिंग सुरू झालं. फिल्म कापायची-जोडायची सोय नव्हती. ज्या क्रमानं दिसायचं त्याच क्रमानं टिपायचं, आणि चुकलं तर टेप मागं घेऊन त्यावरच पुन्हा. पायांचं झालं, वेणीचं झालं, कपाच्या ट्रेचं झालं. पण नवऱ्या मुलाच्या बापाचं काम करणारे वसतिगृहाचे कारकून भगवानराव आलेच नाहीत. ते लिंबागणेशला चतुर्थीच्या दर्शनाला गेले होते आणि परतीच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी पालीला लग्न होतं, त्यासाठी मामाला कॅमेरा परत द्यायचा होता. पोरांचे चेहरे उतरले.

"अप्पा, तुमी बसता का?" शिवांजलीनं विचारलं.

चन्नप्पांनी आधी नाही म्हटलं. मग टोपी नीट केली आणि बसले. म्हणायची दोनच वाक्यं होती. पहिलं: पोरी, जरा चालून दाखव. ते त्यांनी नाटकातल्या राजासारखं गरजून म्हटलं.

"अप्पा, ओरडू नका," कॅमेऱ्यामागून शिवांजली म्हणाली. "तो माणूस वाईट न्हाई. तुमी दुकानात बोलता तसंच बोला."

मग मात्र ते वाक्य लोण्यासारखं आलं. गोड, सहज, जराही न अडखळता. चन्नप्पा मनातून खूश झाले. पण भिंतीवर उत्तरेश्वराची सावली पडली होती, म्हणून पुन्हा. मग बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली, म्हणून पुन्हा. दर वेळी ते तेच म्हणत आणि दर वेळी दीपमाला उठून चालत होती. चन्नप्पा खाली बसलेले, त्यामुळं त्यांना तिचे पाय अगदी जवळून दिसत होते. बोटं फरशीला घट्ट रोवलेली. पाऊल उचलायच्या आधी अंग किंचित मागं जायचं.

"नाव काय तुझं?" त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं. दीपमालानं मान वर केली आणि थेट त्यांच्याकडं बघितलं. चन्नप्पांची नजर खाली गेली. "झालं!" शिवांजली म्हणाली.

"लई खरं केलंस गं पोरी," चन्नप्पा हळूच म्हणाले. "कुठं शिकलीस?"

"शिकले न्हाई, काका. मागल्या उन्हाळ्यात मला बघायला आलते. पाय आपोआप तसेच पडले."

पोरं कॅमेरा घेऊन गेली. चन्नप्पा तिथंच बसून राहिले. उद्या याच फरशीवर शिवांजली पुन्हा चालणार होती, आणि इथं बसून कुणीतरी हेच वाक्य इतक्याच गोड आवाजात म्हणणार होतं. बायको महानंदा कपबशा उचलायला आली.

"अगं, उद्या त्या लोकांनी शिवाला पुन्हा चालायला लावलं तर?"

"लावतीलच की. तुमच्या वडलांनी मला लावलं होतं. मग केस सोडायला लावले. तुमी शेजारी बसून बशीतला चहा पीत होता."

"मला तर आठवत न्हाई."

"तुमाला कशाला आठवंल? चालले मी होते."

महानंदा त्यांच्यासमोर बसली.

"बसव जयंतीला तुमी दरसाल भाषण करता. बसवण्णांच्या अनुभवमंटपातल्या सभेत बाया पुरुषांच्या बरोबरीनं बसून बोलत होत्या, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. मग आपल्या बैठकीत आपली लेक बसून बोलली तर काय बिघडतं?"

"स्थळ मोडलं तर?"

"चार शब्द बोलल्यानं जे मोडतं, ते जमून तरी तिचं काय भलं होणार?"

रविवारी पाहुणे आले. चहा महानंदानं आणला. शिवांजली येऊन उभी राहिली, तसं मुलाच्या काकानं हसत म्हटलं, "पोरी, जरा चालून दाखव."

"न्हाई, ती चालणार न्हाई," चन्नप्पा म्हणाले. त्यांनी शेजारच्या लोडाकडं हात केला. "शिवा, हितं माझ्याजवळ बस. पाहुणे, काय विचारायचं ते तिला विचारा. मग तीबी विचारंल."

शिवांजलीला क्षणभर खरंच वाटेना. ती बसली आणि मुलाला म्हणाली, "मला शिक्षण पुरं करायचंय. पुढं कॅमेऱ्याचं काम शिकायचंय. तुमाला कसं वाटतं?"

मुलानं काकाकडं बघितलं. काकानं चहाचा कप खाली ठेवला. "लेकीला लई डोक्यावर बसवलंय तुमी," असं म्हणून तो उठला, आणि त्याच्यामागं सगळे उठले. चन्नप्पांनी दारापर्यंत जाऊन हात जोडले. स्थळ गेलं होतं, तरी त्यांना त्या दिवशी कडकडून भूक लागली.

पुढच्या आठवड्यात नंबर काढण्यासाठी कॉलेजच्या सभागृहात सगळ्या गटांच्या फिल्म दाखवल्या. आईबापांनाही बोलावणं होतं. पडद्यावर पाय आले, वेणी आली, थरथरणारे कप आले. ते गोड वाक्य ऐकून मागं बसलेल्या पोरींनी एकमेकींकडं बघितलं. मग दीपमालाचा चेहरा आला, आणि फिल्म संपली.

तलवाड्याहून आलेला दीपमालाचा बाप सटवा उभा राहिला. "साहेब, फुडं त्या पोरीचं काय झालं?"

सानप सर म्हणाले, "आम्ही फक्त सुरुवात करायला सांगितली होती."

"फुडचं मी सांगतो," पहिल्या रांगेतून चन्नप्पा उठले. आणि ज्या माणसाला स्थळ मोडल्याची गोष्ट गल्लीत कळू द्यायची नव्हती, त्यानं ती भरल्या सभागृहात सांगितली. आपल्या वडिलांनी काय केलं होतं तेही सांगितलं. बोलताना ते महानंदाकडं बघत होते. सांगून झालं तेव्हा पहिली टाळी सटवानं वाजवली. मग सारं सभागृह उठून उभं राहिलं. उत्तरेश्वर शिट्ट्या मारत होता आणि सानप सर त्याला आवरत नव्हते. पहिला नंबर कुणाचा, हे विचारायची कुणाला गरजच उरली नाही.

दीपमाला त्याच कॉलेजातून पदवीधर झाली. शिवांजलीनं पुण्याला जाऊन कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलं आणि लग्न केलं ते स्वतः चार प्रश्न विचारून.

बंधूंनो, भगिनींनो, रीत जुनी आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. आपल्या घरी मुलगी बघायला माणसं येतील तेव्हा तिला बसायला जागा द्या, तिचं म्हणणं आधी ऐका. जो बाप आपल्या लेकीच्या शेजारी बसतो, त्याची मान चार लोकांत खाली जात नाही, ती वरच जाते.