धागा तुटला की बोट वर

"तू हे गाणं धुतलंयस!" मेतवल्लीने काडेपेटीएवढा प्लेयर काउंटरवर आपटला. "धुतलंस, पिळलंस, वाळत घातलंस. आता राहिलंय काय त्यात? नुसतं पाणी!"

उघड्या मोबाइलच्या पोटात नाक खुपसून बसलेल्या करमने मान वर केली. "हळू, हाजी. अख्खा बाजार ऐकतोय."

"हाजी म्हणू नकोस. मी गेलेलो नाही. तुझ्या दुकानाला जितक्या चकरा मारल्या, तेवढ्यात मक्का झाली असती."

दाराशी मेतवल्लीची मुलगी वेसाल मोलोखियाच्या पालेभाजीच्या जुड्या काखेत धरून उभी होती. तिच्या नवऱ्याने कुवेतहून हा प्लेयर धाडला आणि तेव्हापासून घरात शांतता नव्हती. म्हातारा सकाळी कानात इयरफोनचे बोळे घालून बसे, दुपारी शिव्या देई, संध्याकाळी तिला ओढत इथे आणी.

भांडण एका जुन्या कॅसेटचं होतं. मेतवल्लीच्या मेव्हण्याच्या लग्नात, गच्चीवर, रेफाई नावाचा गवई गायला होता, त्याची कॅसेट. करमने ती प्लेयरमध्ये उतरवली. पहिल्या खेपेला बास असा चढवला की ढोल छातीत लाथा घालू लागला; इजिप्तमधल्या महल्ला या गिरण्यांच्या शहरात त्याशिवाय गाण्याला कुणी गाणं म्हणत नाही. मेतवल्ली म्हणाला, नाही. मग करमने टेपची खरखर पुसली. मेतवल्ली म्हणाला, नाही. मग सगळं पुन्हा मुळासारखं केलं. काही चढवलं नाही, काही उतरवलं नाही, फाइल मोठी ठेवली म्हणजे आवाज चिरडायला नको, आणि कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे इयरफोन दिले.

मेतवल्ली म्हणाला, नाही.

"अरे पण नाही म्हणजे काय नाही?" करमचा पारा चढला. "ढोल येतो?"

"येतो."

"रेफाई येतो?"

"रेड्यासारखा येतो."

"मग आणखी काय पाहिजे तुम्हाला, गच्चीवरची कबुतरं?"

"आवाज पाहिजे! आवाज!"

कसला, ते तो सांगेना. भर बाजारात, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरगेल्या माणसासमोर, आपल्या मेलेल्या बायकोची गोष्ट काढायची? महल्लात भला माणूस बायकोचं नावसुद्धा रस्त्यावर घेत नाही. घरात घेतो, कबरीपाशी घेतो.

करम खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी पुटपुटला. पुटपुटणारी माणसं मेतवल्लीला आवडत नसत. बोलायचं तर तोंडावर बोलावं.

"बाबा, त्याने विचारलं की आवाज किती मोठा ठेवता," वेसाल त्याच्या पाठीमागून म्हणाली. मेतवल्ली हलला नाही. ती पुढे आली. बापाकडे जरा वेळ बघत राहिली. मग प्लेयर उचलून तिने बापाची बाही धरली. "चला. उसाचा रस पिऊ."

रसवाल्याच्या बाकावर तिने पेला त्याच्या हातात दिला आणि समोर बसली. "आता सांगा. कसला आवाज?"

"काही नाही."

"बाबा, मी नवऱ्याचं डोकं खाल्लं, करमचं खाल्लं, आता माझं उरलंय तेवढं तुम्ही खाताय. कसला आवाज?"

मेतवल्लीने आजूबाजूला पाहिलं. "इन्शिराहचा," तो म्हणाला. "तुझ्या आईची झगरूता. दुसरं कडवं संपल्यावर. त्या कुत्र्याने पुसली."

इन्शिराहने जीभ फिरवून झगरूता काढल्याशिवाय त्यांच्या गल्लीत नवरी दाराबाहेर पाऊल टाकत नसे. दुसऱ्या बायकांची किलकारी दम लागून तुटायची. हिची गच्चीवरून निघायची ती नाल्यापलीकडे जाऊन बसायची.

वेसालने बोंडं कानात घातली. पायाने ठेका धरला. मग पाय थांबला. तिने डोळे मिटले, आणि तिचा चेहरा असा झाला की मेतवल्लीने पेला खाली ठेवला.

"आहे, बाबा."

"खोटं बोलू नकोस."

"आहे. सुरीसारखी आहे. करमने काही पुसलं नाही."

"मग मला का नाही येत? दे इकडे! आवाज वाढव!"

तिने तळहाताने तोंड झाकलं. त्याच्याकडे बघत बसली.

"काय झालं? पोट दुखतंय?"

तिने हात काढला. "मी बोलत होते, बाबा. तोंड झाकून. आईचं नाव घेतलं, दोनदा."

रसवाल्याचं चाक फिरत होतं. त्याचा घर्र घर्र आवाज मेतवल्लीला नीट येत होता.

गिरणीत मेतवल्ली जिथे राबला त्या मागांच्या खात्यात कुणीच कानाने ऐकत नसे. धोट्यांच्या त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचे ओठ वाचायचे आणि बाकी बोटांनी भागवायचं. इन्शिराहशी लग्न ठरलं तेही बोटांनीच, कांड्या भरणाऱ्या बायकांच्या रांगेतून. जन्म असा ओठ वाचण्यात गेला, आणि कान केव्हा गेले ते कानाच्या मालकालाही कळलं नाही. जाड आवाज तेवढे उरले, बारीक गेले. पुलापलीकडच्या त्या खाजगी गिरणीत छतापर्यंत कापूस होता. पण कानात घालायला चिमूटभर खिशात टाकला तर फाटकावर झडती घेऊन चोर ठरवत. मेतवल्लीला एकदा ठरवलं होतं. कानात शिट्ट्या वाजतात म्हणून गिरणीच्या डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर म्हणाला, वय झालं. तेव्हा वेसाल पाळण्यात होती.

"हरामखोर," मेतवल्ली म्हणाला.

"कोण? करम?"

"करम नाही." तो रसाच्या फेसाकडे बघत राहिला. "त्याला उद्या रव्याची बसबूसा नेऊन दे. थोडी. जास्त दिलीस तर पुन्हा बास चढवेल."

वेसाल हसायला गेली, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "कानांचं यंत्र मिळतं, बाबा. दाखवू कुणाला तरी."

"दाखवू. आता ते गाणं परत लाव. एक बोंड मला दे."

"तुम्हाला येणार नाही."

"मला माहीत आहे. ढोल येतो ना. तुला ती आली की बोट वर कर."

मागावर बोट वर म्हणजे धागा तुटला, माग थांबव. बापाने तिला लहानपणी दुसरं काही शिकवलं नसेल, पण ही बोटांची भाषा शिकवली होती.

तिने त्याच्या कानात बोंड घट्ट बसवलं. गाणं सुरू झालं. ढोल आला, रेफाईचा रेडा आला, पहिलं कडवं गेलं. मेतवल्ली गाणं ऐकत नव्हताच. तो तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होता.

दुसरं कडवं संपलं. वेसालचं बोट वर गेलं.

वर गेलं आणि खाली येईना. इन्शिराहचा दम मोठा होता.

मेतवल्लीचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, माग थांबवायचा दांडा जिथे असायचा तिथे. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत धरून तो त्या बोटाकडे बघत राहिला.