खाणीतून उठणारा स्वर

खाणीच्या बंद तोंडाशी सगळा गाव लोटला होता. मेलेल्यांशी बोलतो असं सांगणाऱ्या बंधू अवाकुम या बाबाने हात उंचावले आणि जमिनीतून स्वर उठला. धुक्यासारखा हळूहळू दाटत गेलेला, शेकडो गळ्यांचा, शब्द नसलेला. बायका हुंदके देऊ लागल्या.

"हा माझा स्तोइलच!" नेव्याना म्हणाली. तिचा नवरा स्तोइल गावातल्या कित्येकांबरोबर याच खाणीत गाडला गेला होता.

"ऐका!" अवाकुम गरजला. "तुमची माणसं म्हणतायत, गोळ्या फेका! खाणीतलं हे पाणी प्या, काळीजसुद्धा नवं होईल!"

नेव्यानाने हृदयाच्या गोळ्या केव्हाच चुलीत टाकल्या होत्या. ते कळताच तिची मुलगी झोर्नित्सा राजधानी सोफियाहून धावत आली होती. ती सिनेमांना संगीत द्यायची. सिंथेसायझरवर असे तरंगते, स्वप्नाळू स्वर घडवण्यात तिची हयात गेलेली. तरी क्षणभर तिच्याही अंगावर काटा आला. मग तिने कान दिला. स्वर फिरून फिरून नेमक्या त्याच जागी, तसाच हिंदकळत होता. जित्या गळ्याला ते जमत नाही, मेलेल्याला कुठून जमणार?

रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिने चौकात आपलं वाद्य मांडलं.

"हा एक सूर. कानाला टोचतो ना? आता हाच पुन्हा, किंचित बेसूर. आणखी एक. हे एकमेकांत मिसळले की वाटतं, खूप जण गातायत. आता त्याची धार कापते. सुरुवात संथ करते, म्हणजे तो वाजत नाही, उगवतो. शेवटी मोठ्या देवळाचा घुमारा."

चौकात तोच स्वर पसरला. ती लोकांना खाणीशी घेऊन गेली आणि तोंडावरच्या फळ्या उचकटल्या. आत दोन काळे स्पीकर होते. तार थेट अवाकुमच्या गाडीत गेली होती.

"अरे चोरा!" म्हातारा गेंचो ओरडला.

अवाकुमने डोळे मिटले. "मेलेल्यांना गळा कुठला? तो मी दिला. हिच्या यंत्रातूनही तेच बोलले, ऐकलंत ना?"

एकेक जण त्याच्यापुढे गुडघ्यावर बसू लागला.

"आई, तू तरी चल. डॉक्टर थांबलेत."

"बापाला दुसऱ्यांदा गाडायला आलीस होय गं?" नेव्याना म्हणाली, आणि पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वसंतात करकोचे परतायच्या आत नेव्यानाचं हृदय बंद पडलं. अवाकुम म्हणाला, श्रद्धा कमी पडली. लोकांनी माना डोलावल्या. एकटा गेंचो तेवढा दवाखान्यात गेला, तोही मागच्या दाराने.

तो स्वर ऐकून डोळे भरले तर लाजू नका. तो त्यासाठीच घडवलेला असतो. पण रडून झालं की विचारा, आवाज येतो कुठून? आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची गोळी बंद करू नका.