मिस लँगथॉर्ननं कानात सांगितलेलं

डुलाची फिरकी काही केल्या बसत नव्हती. कानाची पाळी ती केवढीशी, अंघोळीनंतर अजून ओलसर, बोटांतून सारखी निसटणारी... आणि पाळीमागची ती बारीक लव, खिडकीतल्या उन्हात आज जरा जास्तच सोनेरी दिसत होती की काय, असं अरुणाला वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला — अगं बाई, उन्हात कुणाचीही लव सोनेरीच दिसते, तुझीही दिसत असेल, काय हे वेड्यासारखं! फिरकी बसली. तिनं हात मागे घेतला, थोडा वेळ नुसतीच मागे उभी राहिली, आणि मग, रोजच्यासारखं, करायचं नाही असं रोज ठरवूनही, हळूच म्हणाली, "चारू."

चारूनं पावडरच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"चारुलता."

झाकण हातातच राहिलं. पोर थांबली — वळली नाही, नुसती थांबली. तेवढ्यात खाली रस्त्यावर गॅसच्या गाडीनं घंटा वाजवली आणि ती टुणकन उठून खिडकीशी पळाली. कान उत्तम आहेत हो, डॉक्टरांनी मागे उभं राहून चमचा पाडून पाहिला होता, कागद चुरगळून पाहिला होता, तिला सगळं ऐकू येतं. "शी इज जस्ट स्टबर्न," म्हणाले. हट्टी! चार वर्षांची मुलगी आईच्या हाकेला आयुष्यात एकदाही वळली नाही, याला हट्ट म्हणतात? भूक लागली की येते, पडली की येते, कुशीत शिरते, गळ्यात पडते. फक्त बोलावल्यावर येत नाही. नर्सरीतल्या हमीदा मिस भल्या बाई, त्यांनी एकदा बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते अरुणानं विवेकलासुद्धा सांगितलं नव्हतं. "मी हाक मारली की ती वाट बघते," त्या म्हणाल्या होत्या. "जणू मी नाव अर्धंच घेतलंय."

बाहेरच्या खोलीत रंभावन्संचा आवाज चढला होता. विवेकची ही थोरली बहीण परवाच्या विमानानं पहिल्यांदाच बाहरीनला आली, आणि उम्म अल हस्समचा हा फ्लॅट, एसी, फ्रीज, गल्लीतली दुकानं, यांतलं काहीही धड न पाहता भाचीच्या मागे लागली होती. आता ती सोफ्यावर मांडी घालून बसली होती आणि समोर विवेक सित्राला कामावर नेणाऱ्या बसची वेळ झाली म्हणून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"आत्या नसताना बारसं उरकतं का कुणी? जगावेगळे मेले तुम्ही! त्याचंच आहे हे सगळं."

"वन्सं, तुमचा व्हिसा झाला नव्हता," अरुणा म्हणाली.

"मग थांबायचं होतं. बारसं काय पळून चाललं होतं? आता मी आलेय ना, मी सांगते पुन्हा कानात. आण तिला इकडे. आणि तू माझ्या पाठीत धपाटे घाल, रीत म्हणजे रीत."

पाळणा नव्हता, मांडीच होती. रंभावन्संनी चारूला ओढून घेतलं, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि 'कुर्रर्र' करून, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती कुजबुजली — "चारुलता विवेक केळशीकर!" अरुणानं तिच्या पाठीवर दोन धपाटे घातले, हसू आलं तिला, किती दिवसांनी आलं, वाटलं, होऊन जाईल बाई, एवढंच राहिलं असेल, आपण उगाच... चारू गुदगुल्या होऊन खिदळली. मग कान चोळत, सरळ बसून, समजूत घालावी तशी म्हणाली,

"बट द लेडी ऑलरेडी टोल्ड मी."

"काय म्हणाली?" वन्संनी विचारलं.

"म्हणते... आधीच सांगितलंय."

"कुणी गं, बाळा?"

चारूला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र इंग्रजीत. "द लेडी. विथ ऑल द पीपल." आणि मग वर, छताकडे — नाही, छताच्याही वर कुठंतरी बघत, अगदी सहज — "वन ऑफ देम इज स्टिल अप देअर."

अरुणानं चटकन वर पाहिलं. बलूनवाला! एडवर्ड! याचं नाव या घरात कुणी कधी काढलेलं नव्हतं, आणि ज्या बाईनं ते काढलं असतं ती चारू पालथी पडायला शिकायच्या आत मरून गेली होती.

"अगं, तूच सांगितलंयस तिला," विवेक उठत म्हणाला. "पाजताना बडबडायचीस की. अॅडमिरल काय, जज काय. मी ऐकायचो."

"मी? मी नाही कधी!"

"रोज. इंग्रजीत. मला वाटायचं, अंगाई म्हणतेयस. चल, बस येईल." तो गेला.

मी? मी बोलत होते? अरुणा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ओट्यावर कणीक तिंबून ठेवली होती, तिच्यावर हात ठेवून तिनं आठवून पाहिलं... पाजतानाची ती दुपार, पडदे ओढलेले, एसीचं पाणी बाहेर डब्यात पडतंय, मांडीवर बाळ... आणि ओठ? ओठ हलत होते का? काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते दुसरंच, बुदैयातलं समुद्राकाठचं खजुरांच्या बागेतलं घर, आणि वेताच्या खुर्चीत मिस लँगथॉर्न.

एकाहत्तरला बाहरीन स्वतंत्र झालं, इथले इंग्रज एकेक करून परत गेले, ही राहिली. भाऊ तेलाच्या कंपनीत होता, तो इथंच वारला. नजर अधू झालेली, कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं, आणि अरुणा, पुण्याची इंग्रजीची बी. ए., दिवस गेलेले, घरात बसून नुसती कंटाळलेली. पण वाचणं बाजूलाच राहिलं. म्हातारी बोलायची. आपल्या आडनावाच्या मोठ्या माणसांबद्दल, फक्त त्यांच्याबद्दल. अॅडमिरल लँगथॉर्न, ज्यांना पोहता येत नव्हतं आणि जे जहाजावर स्वतःला पलंगाशी बांधून घेऊन झोपत. जज लँगथॉर्न, जे फाशी दिलेल्यांची नावं जेवणाच्या टेबलावर एकेक करून म्हणत आणि मगच सूप घेत. ऑगस्टा लँगथॉर्न, जिचा आवाज भर रंगमंचावर गेला तो परत आलाच नाही. एडवर्ड लँगथॉर्न, जो बलूनमधून वर गेला... "तो खाली आला नाही. ही इज स्टिल अप." होता नाही म्हणायची, आहे म्हणायची. सगळ्यांनाच. आणि बोलता बोलता मधेच थांबून आपली खुर्ची जराशी मागे घ्यायची, कुणालातरी जायला वाट द्यायची. अरुणालाही आपोआप पाय आखडून घ्यायची सवय लागली होती.

"आणि तुमच्यात?" म्हातारीनं एकदा विचारलं होतं. "केळशीकरांत कोण मोठं झालं?"

काय सांगणार, कप्पाळ! केळशी म्हणजे एक गाव, त्या गावचे म्हणून केळशीकर, संपलं. विवेकचे आजोबा पंचक्रोशीत प्रसिद्ध होते ते एका बैठकीत खाल्लेल्या आंब्यांबद्दल. हे तिनं सांगितलं तर म्हातारी हसली नाही. "म्हणजे जागा आहे," एवढंच म्हणाली. आणि मग, तिच्या पोटाकडे बघत, "माझ्यानंतर या नावाला ओ देणारं कुणी नाही, अरुणा. मग ही सगळी कुठं जातील?"

तेव्हा भीती वाटली नव्हती. दया आली होती... खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला होता. एवढी माणसं पाठीशी असलेलं नाव!

बारशाला मनाम्यातल्या मराठी बायका जमल्या, आणि कानात कुणी सांगायचं असा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, जमलेल्यांत वयानं मोठं असेल त्यांनी सांगावं. सगळ्यांच्या माना खुर्चीत बसलेल्या मिस लँगथॉर्नकडे वळल्या. काय कौतुक सगळ्यांना! मॅडम बाळाच्या कानात नाव सांगणार! अरुणानंच तिला शिकवलं, चारुलता, चा-रु-ल-ता, हळू, तोंड अगदी कानाशी न्या. म्हातारी पाळण्यावर वाकली. बायका हसत तिच्या पाठीवर धपाटे घालत राहिल्या, थकल्या, थांबल्या, हसूही थांबलं... ती वाकलेलीच. एक नाव सांगायला किती वेळ लागतो? ओठ हलत होते, भराभरा, आणि बाळ रडत नव्हतं. डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत होतं. उठली तेव्हा ती अगदी रिकामी दिसत होती. त्यानंतर तिनं अॅडमिरलचं नाव काढलं नाही, जजचं नाही, खुर्ची मागे घेणंही सुटलं. "आता सगळे बाहेर गेले," म्हणाली, आणि काही महिन्यांत शांतपणे गेली.

विवेक गेल्यावर हे सगळं वन्संनी अरुणाकडून काढून घेतलं. आज दुपारी वन्सं साडी बदलून, पदराला मीठ-मोहऱ्यांची पुडी बांधून दारात उभी राहिली. "मला त्या बाईच्या घरी ने."

"बंद आहे ते, वन्सं."

"असू दे. जिथून लागलं तिथंच उतरवायचं. ऊठ."

नजीब टॅक्सीवाला शेजारच्याच गल्लीतला, त्यानं नेलं. बुदैयाच्या रस्त्याला नवे व्हिला उठत होते, पण ते घर तसंच होतं. कुंपणाची भिंत ढासळलेली, खजुरांच्या सुकल्या फांद्या कुणी उतरवल्याच नव्हत्या. चारू इथं कधी आली नव्हती. गाडीतून उतरली ती मात्र कुणाचा हात न धरता मागच्या अंगणात गेली आणि, जिथं पूर्वी वेताची खुर्ची असायची, तिथून वळसा घालून गेली. मधून गेली नाही, वळसा घालून. वन्संना त्यात काहीच दिसलं नाही. ती पायरीवर पुडी सोडत होती, पुटपुटत होती — आल्यागेल्याची, पापी चांडाळाची — आणि अरुणा त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. पाय आपोआप आखडले तिचे. कुणीतरी जवळून गेलं? छे, वारा असेल. वारा नव्हता.

"पोर कुठाय?" वन्संनी वर बघून विचारलं.

पोर समुद्रात होती. ओहोटीनं पाणी पार दूर गेलेलं, उघड्या पडलेल्या चिखलावरून ती सरळ चालली होती, लहानशी, पिवळ्या फ्रॉकची, घाई नसलेली, बोलावल्यासारखी. आणि वन्सं केळशीच्या किनाऱ्यावर वाढलेली, तिनं एकदाच पाण्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "भरती लागलीय गं! बाजूनं वळतंय पाणी! चारू! चारू गं! फीर मागे!"

दोघी धावल्या. चिखलात पाय रुतत होते, चप्पल राहिली, साडी पायांत आली. चारूच्या पुढे पाणी चमकत होतं आणि तिच्या मागूनही, त्यांच्या आणि तिच्या मधूनही, एक पातळ पट्टा आत सरकत होता. "चारू!" अरुणा ओरडली. "चारुलता!"

चारू थांबली. पाठमोरी. थांबली आणि उभी राहिली, मान किंचित कलती, आणि तेव्हा अरुणाला कळलं की ती वाट बघते आहे. उरलेल्याची. अर्ध्या नावानंतरच्या अर्ध्याची. आता ते आलं नाही तर ती पुढे चालू लागेल, पुढे जिथं कुणीतरी पुरं नाव घेऊन उभं आहे तिथं... नाही. माझी आहे ती. माझी! म्हणू नकोस, एकदा म्हटलंस की... आणि पोरीनं पाऊल उचललं.

अरुणानं पुरं नाव घेतलं. मिस लँगथॉर्न आपलं आडनाव घ्यायची तसं, त्याच ठसक्यात, शेवटचं अक्षर थोडं लांबवून.

चारू वळली. चेहरा असा उजळला, की असा उजळलेला तो अरुणानं कधी पाहिलाच नव्हता. आणि दोन्ही हात पसरून, पाणी उडवत, खिदळत, ती धावत सुटली, आईकडे, सरळ आईकडे. येऊन आदळली. अरुणा तिच्यासकट चिखलात बसली. गरम, खारट, धापा टाकणारं ते सगळं अंग तिनं छातीशी आवळून धरलं आणि ती रडायला लागली.

वन्सं मागून येऊन पोचली. धाप लागलेली, पदर भिजलेला. "काय... काय हाक मारलीस गं तू?"

"चारूच म्हटलं."

"नाही. काहीतरी दुसरं."

"चारूच म्हटलं, वन्सं."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि एक पाऊल मागे घेतलं. पाणी घोट्यांपर्यंत आलं होतं. उठायला हवं होतं, किनाऱ्यावर नजीब हात हलवून यल्ला, यल्ला करत होता, पण मला, अरुणाला, उठवेना. भीती वाटत होती, नाही कशी. उद्या सकाळी दूध द्यायला बोलवीन तेव्हा तोंडातून कुठलं नाव येईल ते मला माहीत होतं, परवाही, आणि विवेकसमोर, आणि पुढे सगळ्यांसमोर. पण भीतीच्या खाली, छे, भीतीच्याही वर, सुख होतं. लाज वाटावी एवढं. आली गं बाई, माझी मुलगी माझ्या हाकेला आली.

चारूनं ओला हात माझ्या गालावर ठेवला. रागावली होती थोडी.

"ममा," ती म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू कॉल मी बिफोर?"